चारचौघांतलं बोलणं

अमेरिकेतल्या एका शाळेत पहिलीच्या वर्गात काही मानसशास्त्रज्ञ मोजदाद करत होते. मुलं किती वेळा जागेवरून उठतात आणि बाई किती वेळा ‘खाली बसा’ म्हणतात, एवढंच त्यांना टिपायचं होतं. पुढच्या टप्प्यात त्यांनी बाईंना ‘खाली बसा’ हे जास्त वेळा म्हणायला सांगितलं. बाईंनी तसं केलं, तर उठणारी मुलं वाढली. मग बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू झालं, तेव्हा कुठे वर्ग स्थिरावला. चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग 1968 साली प्रसिद्ध केला.

यातली खरी गोम पुढे आहे. बाई ओरडल्या की मूल लगेच खाली बसत होतं. त्यामुळे बाईंच्या दृष्टीने ओरडणं दर वेळी लागू पडत होतं. दोन मिनिटांनी तेच मूल पुन्हा उठायचं, कारण उठलं की बाई आपल्याकडे बघतात हे त्याला कळून चुकलं होतं. मग बाई आणखी ओरडायच्या. या चक्राला पुढे ‘टीकेचा सापळा’ असं नाव पडलं. आपल्याकडच्या कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यातून फेरी मारली तर हा सापळा बंद दारांमागून ऐकू येतो. ओरडण्याचा गुण तत्काळ दिसतो आणि त्याचं नुकसान उशिरा, विखरून दिसतं. म्हणून तळमळीने शिकवणारे शिक्षकही त्यात वर्षानुवर्षं अडकलेले असतात.

पहिलीतलं मूल निदान बाईंचं लक्ष मागत असतं. आठवी-नववीतल्या मुलाचं गणित वेगळं. त्याला बाईंपेक्षा मागच्या तीन बाकांचं लक्ष मोलाचं असतं.

या वयातल्या मुलांवर सवंगड्यांच्या नजरेचा किती ताण असतो, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये एका साध्या खेळातून दाखवलं. पडद्यावर गाडी चालवायची, दिवा पिवळा झाला की थांबायचं की पुढे रेटायचं ते ठरवायचं. एकटी असताना 13 ते 16 वयोगटातली मुलं मोठ्यांहून फारशी वेगळी वागली नाहीत. बरोबरीचे मित्र शेजारी बसले, तेव्हा त्यांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. मोठ्या माणसांत मित्रांमुळे फरक पडला नाही. लीआ सोमरव्हिल यांनी 2013 मध्ये याहून साधा प्रसंग तपासला. मेंदूच्या स्कॅनरमध्ये पहुडलेल्या मुलांना एवढंच सांगितलं, की तुमच्याच वयाचं कुणीतरी आता कॅमेऱ्यातून तुमच्याकडे बघतंय. कुणी काही बोललं नाही, हसलं नाही. तरी किशोरवयीन मुलांना लहानांपेक्षा जास्त संकोच वाटला आणि त्यांच्या शरीराने तणावाची खूण दिली.

हे डोक्यात ठेवून साठ मुलांचा वर्ग बघावा. तिसऱ्या बाकावरचा मुलगा बडबडत होता. सरांनी खडू ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुला अक्कल आहे का? बापाने कशाला पाठवलंय शाळेत?’ आता या मुलापुढे दोनच वाटा उरतात. मान खाली घालायची, म्हणजे मित्रांदेखत हरायचं. किंवा काहीतरी टोमणा परतवायचा, वर्ग हसवायचा, म्हणजे जिंकायचं. पुढची शिक्षा त्या जिंकण्याची किंमत म्हणून तो आनंदाने भरतो. दोन्ही वाटांमध्ये एक गोष्ट मात्र घडत नाही: आपण बडबडत होतो, त्याने मागच्या मुलीला शिकवलेलं ऐकू येत नव्हतं, याचा विचार. तो करायला त्याला उसंतच मिळालेली नसते. त्याचं सगळं बळ आब राखण्यात गेलेलं असतं.

म्हणून मला डॅनियल ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांचा 1970 चा प्रयोग या विषयातला सर्वांत उपयोगी वाटतो. तो जुना आहे, छोटा आहे, पण उद्या सकाळी कुठल्याही वर्गात करून बघता येईल असा आहे. पाच वर्गांतली प्रत्येकी दोन सर्वांत दंगेखोर मुलं त्यांनी निवडली. शिक्षक या मुलांना सहसा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात दटावत होते. त्यांना सांगितलं, की दटावणं बंद करू नका, फक्त त्या एका मुलालाच ऐकू जाईल असं दटावा. बहुतेक मुलांचा दंगा कमी झाला. पुन्हा मोठ्याने दटावायला सांगितलं, दंगा वाढला. परत हळू आवाज, परत दंगा कमी. ही प्राथमिक शाळेतली मुलं होती. पुढे 1990 मध्ये स्टीफन हॉटन, केव्हिन व्हेल्डॉल यांच्या गटाने ब्रिटनमधल्या चार माध्यमिक वर्गांत खाजगीत दटावणं आणि खाजगीत शाबासकी देणं आजमावलं, तेव्हा तिथेही मुलांचं कामातलं लक्ष वाढलं. शाबासकीही खाजगीत, याकडे लक्ष द्यायला हवं. चौदा वर्षांच्या मुलाला सगळ्यांसमोर ‘बघा, किती शहाण्यासारखा वागतोय’ म्हटलं, की तो मित्रांत ‘सरांचा चमचा’ ठरतो आणि दुसऱ्या दिवशी तो डाग धुऊन काढायच्या मागे लागतो.

आता बोलणी खाणाऱ्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी काय चालतं, ते पाहू. पिट्सबर्ग, बर्कली आणि हार्वर्डमधल्या संशोधकांचा एक अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. 32 निरोगी मुलामुलींना स्कॅनरमध्ये ठेवून त्यांच्या स्वतःच्या आईच्या आवाजातली सुमारे अर्ध्या मिनिटाची टीका ऐकवली. भावना उफाळणारे मेंदूचे भाग जास्त जागे झाले, हे अपेक्षितच होतं. पण भावनांना आवर घालणारे भाग मंदावले, आणि समोरच्याच्या मनात काय आहे हे समजून घेताना जे भाग काम करतात तेही मंदावले. इथे आवाज शिक्षकांचा नव्हता आणि जागा वर्गाची नव्हती, त्यामुळे हा निष्कर्ष जसाच्या तसा शाळेत नेता येणार नाही. तरी प्रत्येक आईबापाने पाहिलेला अनुभव त्यातून उलगडतो. ‘मी तुझ्या भल्यासाठीच बोलतेय’ हे वाक्य आपण नेमकं अशा वेळी म्हणतो, जेव्हा ऐकणाऱ्याची दुसऱ्याचं मन ओळखायची ताकद उणावलेली असते. त्याला फक्त राग ऐकू येतो.

मग टीका करूच नये का? स्टाफरूममध्ये हा प्रश्न वैतागून विचारला जातो: ‘आता ओरडायचीही सोय राहिली नाही.’ यामागे कायदाही आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2000 साली शाळेतली शारीरिक शिक्षा बेकायदा ठरवली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे नववी-दहावीतली मुलं, ज्यांना अपमान सर्वांत जास्त झोंबतो, त्यांच्यातली बरीच या कलमाच्या छत्राखालून बाहेर पडलेली असतात, याची मला खंत वाटते. पण कायद्याने चूक दाखवून द्यायला कुठेही मनाई केलेली नाही. छडी गेली, टोमणे गेले, म्हणून काही शिक्षक दुसऱ्या टोकाला जातात: ‘त्याच्याकडे बघायचंच नाही. बसू दे मागे.’ माझ्या मते या वयाच्या मुलाला यापेक्षा कठोर शिक्षा नाही. सरांनी आपला नाद सोडला, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळतं, आणि मग सुधारायचं कुणासाठी?

टीका हवीच. ती कशी ऐकली जाते, यावर सगळं ठरतं. याचा सर्वांत सुंदर पुरावा डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडला. अमेरिकेतल्या एका शाळेत सातवीच्या मुलांनी आपल्या आदर्श व्यक्तीवर निबंध लिहिले. शिक्षकांनी ते नेहमीसारखे तपासले, चुका दाखवल्या, सूचना लिहिल्या. मग संशोधकांनी प्रत्येक वहीवर शिक्षकांच्याच हस्ताक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली. निम्म्या मुलांच्या चिठ्ठीत अशा अर्थाचं लिहिलं होतं, की निबंधाबद्दल तुला अभिप्राय मिळावा म्हणून या सूचना देत आहे. उरलेल्यांच्या चिठ्ठीत: माझ्या अपेक्षा फार उंच आहेत आणि तू तिथवर पोहोचशील हे मला ठाऊक आहे, म्हणून या सूचना देत आहे. कुणाला कोणती चिठ्ठी गेली, हे शिक्षकांना माहीत नव्हतं. निबंध पुन्हा लिहिणं ऐच्छिक होतं.

साधी चिठ्ठी मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी 62 टक्क्यांनी निबंध पुन्हा लिहिला, दुसरी चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 87 टक्क्यांनी. कृष्णवर्णीय मुलांमध्ये हे प्रमाण 17 टक्क्यांवरून 72 टक्क्यांवर गेलं. सूचना त्याच, फरक एका वाक्याचा. या टप्प्यात 44 मुलंच होती, तेव्हा आकड्यांना कवटाळून बसू नये. पण फरक कुणामध्ये जास्त पडला, हे फार बोलकं आहे. ज्या मुलांना आधीपासून वाटत होतं की शाळा आपल्याला कमी लेखते, त्यांच्यातच ते वाक्य सर्वाधिक कामाला आलं. टीका कानावर पडली की असं मूल मनात विचारतं, ‘हे माझ्या निबंधाबद्दल बोलताहेत, की माझ्यासारख्यांबद्दल?’ त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ते पुढचं काही ऐकत नाही. कोहेन यांनी 1999 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली होती. कठोर अभिप्रायाआधी नुसतं मोघम कौतुक पेरल्याने तितका फायदा होत नाही. उंच अपेक्षा आणि ‘तुला हे जमेल’ हा भरवसा, ही जोडी लागते, आणि तिच्याबरोबर खरीखुरी, नेमकी टीकाही.

हे वाचताना अमेरिकेतला वर्णभेद म्हणून बाजूला ठेवायचा मोह होईल. तो टाळायला हवा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली होती. जातीचा उल्लेख नसताना दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. सगळ्यांसमोर नाव, गाव, जात पुकारल्यावर दलित मुलांची सुटलेली कोडी सुमारे चौथ्या हिश्श्याने घटली. त्यांना कुणी रागावलंही नव्हतं. आपल्या शाळांमध्ये पहिल्या पिढीत शिकणारी किती मुलं आहेत, आश्रमशाळांमध्ये किती आहेत! आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून बीडच्या गावातलं मूल दिवाळीनंतर शाळेतून नाहीसं होतं आणि हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परत येतं. त्याच्या पहिल्याच दिवशी वर्गात ‘या, आले पाहुणे’ असं स्वागत झालं, तर ते त्याच्या गैरहजेरीवरचं बोलणं राहत नाही. त्याच्या आईबापांच्या कामावरचं होतं.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा एक चांगली संधी हाती आली होती. प्रगतिपुस्तकात श्रेणींच्या जोडीला वर्णनात्मक नोंदी आल्या: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. हा तिसरा रकाना म्हणजे शिक्षकाने त्या एका मुलाला लिहिलेलं पत्र होऊ शकलं असतं. पण मुलं खूप, रकाने खूप, वेळ थोडा. तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या आणि ‘अभ्यासात सातत्य हवे’ हे वाक्य वीस मुलांच्या पुस्तकांत एकाच वळणाने उतरलं. मुलं मधल्या सुट्टीत प्रगतिपुस्तकं शेजारी ठेवून बघतात. आपला शेरा दुसऱ्याच्या पुस्तकातही तसाच आहे हे दिसलं, की तो शेरा कितीही सौम्य असला तरी वाया गेला.

सुधारण्याची इच्छा कुठून येते, यावर एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी रॉचेस्टर विद्यापीठात दीर्घकाळ काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार माणसाला आपला निर्णय आपण घेतोय असं वाटणं, आपल्याला हे जमतं असं वाटणं आणि आपल्या माणसांशी जोडलेलं वाटणं, या गरजा भागल्या तरच बाहेरून आलेला नियम हळूहळू त्याचा स्वतःचा होतो. नाहीतर नियम पाळला जातो तो पहारा असेपर्यंत. सर स्टाफरूमकडे गेले, की मॉनिटर फळ्याशी उभा राहून बोलणाऱ्यांची नावं लिहायला लागतो. नावं लिहिली जातात तोवर शांतता, फळा पुसला की गोंधळ. वर्षभर फळ्यावर नाव झळकलेल्या मुलाला तर ते बिरुदच वाटायला लागतं. आणि एकाच्या चुकीसाठी ‘सगळ्यांनी उभं राहा’ म्हणण्याची पद्धत? रॅमन लुईस आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, चीन आणि इस्रायल या तीन देशांतल्या शाळांचा 2005 मध्ये तौलनिक अभ्यास केला. त्यात ओरडणं, टोमणे मारणं आणि सगळ्या वर्गाला शिक्षा करणं हे सगळं शिक्षकाची आक्रमकता म्हणूनच मोजलं होतं. कडक शिस्तीची ख्याती असलेल्या चीनमधले शिक्षक मुलांच्या सांगण्यानुसार तिघांत कमी आक्रमक आणि मुलांचं म्हणणं जास्त ऐकून घेणारे निघाले.

अभिप्रायाने सुधारणा होतेच, हेही गृहीत धरता येत नाही. अव्रहाम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 साली अभिप्रायावरच्या प्रयोगांतले 607 निष्कर्ष एकत्र करून तपासले. सरासरी फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्राय मिळाल्यावर काम आणखी बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्रायामुळे लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की त्याचा गुण उणावतो. ‘तू बेजबाबदारच आहेस’ आणि ‘तू शेजारच्या मुलीच्या प्रयोगवहीवर पाणी सांडलंस’ यांतलं दुसरं वाक्य पुसता येतं, भरून काढता येतं. पहिल्याचं मुलाने काय करायचं?

तेव्हा वर्गात इतकंच म्हणावं: ‘मधल्या सुट्टीत दोन मिनिटं मला भेट.’ आणि भेटल्यावर: ‘तिची वही भिजली, महिन्याचं काम गेलं. हे मला अजिबात चाललेलं नाही. तू असा नाहीस, म्हणून तुला बोलावलं. आता हे भरून कसं काढायचं, ते तू सांग.’ यात सौम्यपणा कमी आणि कडकपणा जास्त आहे. ‘सॉरी सर’ म्हणून सुटका नाही. मुलाला उपाय शोधावा लागतो, तो पाळावा लागतो, आणि चार दिवसांनी सर विचारणार हेही त्याला ठाऊक असतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांनी पसरून ठेवलेल्या खोल्या ते स्वतः न बोलता आवरायचे, अंथरुणं घड्या करून ठेवायचे, ही गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. त्यांचा वारसा सांगताना आपण त्यांच्या मायेबद्दलच बोलतो. खोली नीटनेटकी असायलाच हवी, हा त्यातला अढळ आग्रह नजरेतून सुटतो. त्यांच्याइतकं करणं दिवसाला सात तास घेणाऱ्या शिक्षकाला शक्य नाही. एका मुलासाठी मधल्या सुट्टीतली दोन मिनिटं काढणं शक्य आहे.

आणि इथे शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. केंद्रप्रमुख किंवा अधिकारी शाळाभेटीला येतात आणि मुलांसमोरच शिक्षकाला ‘हे एवढंही येत नाही का यांना?’ विचारतात. माहिती वेळेत भरली नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस येते. चारचौघांत अपमान झालेला माणूस दुसऱ्याच्या चुकीकडे शांतपणे कसा बघेल? संशोधक जेसन ओकोनोफुआ यांनी कॅलिफोर्नियात जे केलं, त्यातला मला सर्वांत आवडलेला भाग शिक्षकांशी बोलण्याच्या पद्धतीचा आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाच माध्यमिक शाळांतले 31 गणिताचे शिक्षक होते. शिस्त लावताना मुलाची बाजू समजून घ्यावी, नातं तुटू देऊ नये, असं त्यांना संगणकावरच्या दोन छोट्या सत्रांत सांगितलं गेलं. दोन्ही सत्रं मिळून दीड तासाहून कमी. वर्षभरात या शिक्षकांच्या मुलांपैकी शाळेतून तात्पुरतं काढलं जाण्याची वेळ 4.8 टक्के मुलांवर आली. दुसऱ्याच विषयावरची सत्रं घेतलेल्या शिक्षकांच्या मुलांत हे प्रमाण 9.6 टक्के होतं. मुलं एकूण 1,682.

त्या सत्रांत शिक्षकांना ‘तुमचं चुकतंय’ असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. तुम्ही अनुभवी आहात, पुढे नव्या शिक्षकांना शिकवायला तुमचे अनुभव आम्हाला हवे आहेत, अशी विनंती होती, आणि शिक्षकांनी आपण बिघडलेलं नातं कसं सावरलं ते लिहून दिलं. आपल्याकडे केंद्राच्या पातळीवर शिक्षण परिषद भरते. तिथे परिपत्रकांचं वाचन आणि माहिती भरण्याच्या सूचना यांतच बराच वेळ जातो. त्यातला एक तास बाजूला काढून प्रत्येक शिक्षकाला एकच विचारावं: या महिन्यात कुठल्या मुलाला बोललात, काय शब्द वापरले, आणि दुसऱ्या दिवशी ते मूल तुमच्या तासाला कसं बसलं होतं? अधिकाऱ्यांनी त्या तासात फक्त ऐकावं.